बडोद्यात बर्फ पडला का? अमेरिकन लोकांच्या भूगोलाचा दोष कुणाच्या माथी मारायचा?

रात्रपाळीवाली, बडोदे

मंडळी, प्रश्न रागातून आलाय, सांभाळून घ्या.

मी इथे बडोद्यात मेडिकल बिलिंगमध्ये आहे, अकरा वर्षं झाली. संध्याकाळी ऑफिसची कॅब दांडियाबाजारच्या नाक्यावर येते आणि पहाटे साडेतीनला तिथेच सोडते. काम म्हणाल तर तगाद्याचं. तिकडच्या डॉक्टरने पेशंट तपासला, इन्शुरन्सकडे क्लेम गेला, पैसे अडकले, की आम्ही फोन करून विचारायचं का अडकले. अर्ध्या वेळा इन्शुरन्सच्या बाजूने फोन उचलणारी बाई मनिलात बसलेली असते. म्हणजे ओहायोतल्या कुणा आजोबांच्या गुडघ्यावर एक बडोदेकरीण आणि एक फिलिपिनो बाई मध्यरात्री वाद घालत असतात, आणि आजोबा तिकडे दुपारचं जेवण करत असतात.

त्यांचा नकाशा मला झोपेतही येतो. कॅन्सस सिटी म्हटलं की आधी विचारायचं कुठली, कारण मोठी कॅन्सस सिटी मिसूरीत आहे. ॲरिझोनात घड्याळ हलत नाही. मार्चच्या दुसऱ्या रविवारी बाकीच्यांची घड्याळं तासभर पुढे जातात आणि आमच्या घरी कुकर तासभर आधी चढतो. सासूबाईंनाही पाठ झालंय. "आली का गं तुमची ती लवकरची पाळी?"

तर झालं असं. इंडियानाच्या उत्तर टोकाला आमच्या क्लायंटचं एक हाडांचं क्लिनिक आहे. तिथे नवीन ऑफिस मॅनेजर आली, वयस्कर, बोलायला गोड. फेब्रुवारीत पहिल्याच कॉलला तिने विचारलं, तू कुठून बोलतेस? वडोदरा म्हटलं की त्यांची जीभ अडकते, म्हणून मी जुनं नाव सांगितलं, बरोडा. तर ती म्हणते, "ओह, बरोडा! तिकडे बर्फ पडला का कालपासून?"

इकडे पंखे सुरू झालेले. मी म्यूट दाबून शेजारणीला सांगितलं, तिने पुढच्या रांगेला सांगितलं, सगळा फ्लोअर हसला. मी मात्र घरी येईपर्यंत धुमसत होते. अकरा वर्षं मी यांचे पिनकोड पाठ करतेय आणि यांना एवढं माहीत नाही की भारतात, तेही गुजरातच्या मैदानात, बर्फ पडत नाही?

झोप आली नाही म्हणून शोधत बसले. नॅशनल जिओग्राफिकने २००६ साली १८ ते २४ वयाच्या अमेरिकन तरुणांची पाहणी केली होती. त्यातल्या ६३ टक्क्यांना मध्यपूर्वेच्या नकाशावर इराक दाखवता आला नाही. २००३ पासून यांचंच सैन्य तिथे लढत होतं! अफगाणिस्तान तर ८८ टक्क्यांना सापडला नाही.

आता सांगा, दोष कुणाचा? शाळेचा, टीव्हीचा, की आणखी कशाचा?

माझं विचाराल तर, आम्ही लहानपणी रावपुऱ्यात एका वाड्यात भाड्याने राहायचो. मालकांची मोठी मुलगी कुठे दिली, त्यांना पेन्शन किती, डोळ्याचं ऑपरेशन कधी, सगळं आम्हा भाडेकरूंना ठाऊक. मालकांना मात्र आम्हा भावंडांची नावं शेवटपर्यंत आली नाहीत. "ए मधल्या" म्हणून हाक मारायचे. अमेरिकेचं तसंच आहे असं मला वाटतं. तुम्ही बोला.

कोथरूडकर

अगदी पटलं. अमेरिकन लोकांना आपल्या कुंपणापलीकडे जग आहे हेच माहीत नाही. आपल्याकडे चौथीतल्या पोराला विचारा, धडाधड राजधान्या सांगेल.

बाय द वे, बडोद्यात अजून मराठी मंडळी राहतात हे वाचून छान वाटलं. मराठी चांगलं आहे हो तुमचं. मी कामानिमित्त रेल्वेने अहमदाबादला गेलो होतो, तिथून पुढे बडोदं करायचं राहून गेलं. सौराष्ट्रातच ना ते?

निवृत्त भूगोल, कारेलीबाग

कोथरूडकर साहेब, मुंबईकडून येणाऱ्या गाडीला आधी बडोदं लागतं, मग अहमदाबाद. आपण झोपेत आमच्या अंगावरून गेलात. सौराष्ट्र तिथून बराच पश्चिमेला. आणि मराठी चांगलं असायचं कारण असं की गायकवाड इथे अठराव्या शतकात आले, ते काही मागच्या रविवारी नाही.

ताई, वाडामालकाची गोष्ट झकास आहे, पण पुरी पडत नाही. त्याच नॅशनल जिओग्राफिकने २००२ साली नऊ देशांत अशीच परीक्षा घेतली होती. स्वीडन पहिला आला. अमेरिका शेवटून दुसरी, तिच्या खाली फक्त मेक्सिको. आता स्वीडन कुणाचा भाडेकरू? आणि मेक्सिको कुणाचा मालक? गरजेने नकाशा येत असता तर मेक्सिकोने बाजी मारायला हवी होती.

त्या नऊ देशांत भारत नव्हता, हेही लिहून ठेवा. आपण परीक्षेला बसलोच नाही आणि निकालावर हसतोय.

आपली परीक्षा २०१७ च्या 'असर' पाहणीत झाली, म्हणजे ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची जी पाहणी होते तिच्यात. २८ जिल्ह्यांतल्या ग्रामीण भागात १४ ते १८ वयाच्या मुलांपुढे भारताचा नकाशा ठेवला. १४ टक्क्यांना तो भारताचा आहे हेच ओळखता आलं नाही. देशाची राजधानी ६४ टक्क्यांनी सांगितली. स्वतःचं राज्य नकाशावर दाखवता आलं ४२ टक्क्यांना.

मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे यातला माझा वाटा मला मोजता येतो. परीक्षेत कोऱ्या नकाशाची पुरवणी असते. हुशार पोरं ती पहिल्या पाच मिनिटांत संपवतात, कारण त्यांनी ठिपके पाठ केलेले असतात. भाक्रा-नांगल कुठे? वरून दोन बोटं खाली. मी एकदा मुद्दाम नकाशा थोडा लहान करून छापून घेतला, तर वर्गातल्या निम्म्या पोरांनी धरण राजस्थानात बांधलं. मुख्याध्यापकांनी मलाच बोलावून घेतलं, पालकांची तक्रार आली म्हणून. त्यानंतर मीही ठरलेल्या मापाचेच नकाशे वापरले. बाकीची पोरं तर पुरवणी बांधतच नसत, चार मार्क सोडून द्यायचे आणि मोकळं व्हायचं.

आमच्या आजीचा भूगोल याहून पक्का होता, आणि ती शाळेत गेली नव्हती. आजोबा बडोदे संस्थानच्या महसूल खात्यात कारकून. संस्थान एकसलग नव्हतं. नवसारी दक्षिणेला, कडी-मेहसाणा उत्तरेला, अमरेली काठेवाडात आणि ओखामंडळ पार द्वारकेजवळ. मध्ये कुठे इंग्रजांचा मुलूख, कुठे दुसऱ्याचं राज्य. बदलीचा हुकूम आला की आजी आधी विचारायची, पाणी गोडं की मचूळ, आणि वाटेत गाड्या किती बदलायच्या. (इथे वाटल्यास ताईंचा मुद्दा खरा धरा, गरजेचा. मी सगळा खोडत नाही.)

कलामझूकर, मूळ रावपुरा

ताई, तुम्ही रागावणार आहात, पण सांगून टाकतो. बरोडा मिशिगनमध्ये आहे.

मस्करी नाही, मी इथेच मिशिगनमध्ये, कलामझूला राहतो. मिशिगनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, बेरियन काउंटीत, बरोडा नावाचं गाव आहे. हजारभरसुद्धा वस्ती नाही. नाव आपल्या बडोद्यावरूनच घेतलेलं. आजूबाजूला द्राक्षाचे मळे, वाइनरी. मिशिगन सरोवर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सरोवरावरून वारा आला की बर्फाचे ढीग पडतात. इंडियानाच्या उत्तर टोकाहून गाडीने तासाभराच्या आतबाहेर. तुमच्या मॅनेजरबाईंनी अगदी योग्य ऋतूत योग्य प्रश्न विचारला होता. गावाच्या पाटीपाशी मी बायकोचा फोटो काढलाय, तो आमच्या रावपुऱ्याच्या घरात टीव्हीवर ठेवलेला आहे.

आता दोषाचं. माझी मुलगी इथे सातवीत आहे. भूगोल नावाचा वेगळा विषय तिला नाही, 'सोशल स्टडीज' आहे. १९१६ साली शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या एका समितीने इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल एकाच टोपलीत घातले, आणि टोपलीत भूगोल तळाशी गेला. १९४८ मध्ये हार्वर्डने आपला भूगोल विभागच बंद केला. तिथले अध्यक्ष जेम्स कॉनंट यांच्या मते हा विद्यापीठाचा विषयच नव्हता. पुढे इतरांनीही तेच केलं, इथल्या मिशिगन विद्यापीठानेसुद्धा. विभाग नाही तर भूगोल शिकलेला शिक्षक येणार कुठून? मुलीला तो भाग शिकवतात ते मूळचे बास्केटबॉलचे कोच. माणूस भला आहे, पण आफ्रिकेचे दोन आठवडे त्यांनी चार दिवसांत उरकले.

वरून २००२ चा 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायदा आला. दरवर्षी चाचणी वाचन आणि गणिताची, त्यावर शाळेचं भवितव्य. कायद्यात मुख्य विषयांच्या यादीत भूगोलाचं नाव होतं, पण त्याच्यासाठी वेगळा पैसा ठेवला नाही. २०१५ मध्ये त्याच्या जागी दुसरा कायदा आला, वाचन-गणिताची चाचणी मात्र राहिली. ज्याची चाचणी नाही त्याचा तास कापला जातो, हे सरांना सांगायला नको. २०१८ च्या राष्ट्रीय चाचणीत आठवीतली २५ टक्के मुलंच भूगोलात 'प्रवीण' किंवा त्याच्या वर निघाली.

आणि कोथरूडकरांनी खूश व्हावं अशी एक गोष्ट. नॅशनल जिओग्राफिकची शाळकरी मुलांची भूगोल स्पर्धा होती, तीत २०१२ पासून २०१९ पर्यंत दरवर्षी भारतीय वंशाचंच पोर जिंकलं. मीही मुलीला त्यासाठी तयार करत होतो. रोज रात्री दहा नद्या, दहा राजधान्या. २०२० ची स्पर्धा कोविडमुळे झाली नाही आणि २०२१ मध्ये ती कायमचीच बंद केली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात कुणी ॲटलास उघडलेला नाही. त्यावरून समजा काय ते.

कोथरूडकर

बडोद्याबाबत चूक मान्य, सर. पुढच्या वेळी अलार्म लावून उतरेन.

पण एक मुद्दा माझाही ऐका. मला बडोदं कुठे आहे हे कळलं नाही म्हणून कुणाचं काही बिघडत नाही, मी कुणावर फौज पाठवत नाही. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला तेव्हा अमेरिकेतल्या काही राज्यशास्त्राच्या संशोधकांनी दोन हजारांवर लोकांना नकाशावर युक्रेन दाखवायला सांगितलं. सहातल्या एकालाच जमलं. आणि ज्याचा ठिपका खऱ्या युक्रेनपासून जितका लांब, तितका तो लष्करी हस्तक्षेपाच्या बाजूने अधिक झुकलेला. आमच्या अज्ञानाला तोफा नाहीत, त्यांच्या अज्ञानाला आहेत. दोन्ही एका तागडीत कसे घालता?

निवृत्त भूगोल, कारेलीबाग

हे मात्र बिनतोड. मागे घेतो.

रात्रपाळीवाली, बडोदे

कलामझूकर दादा, तुमचा निरोप मी कॅबमध्ये वाचला आणि मोठ्याने "हाय हाय" केलं. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं.

फ्लोअरवर सगळ्यांना मिशिगनचं बरोडा उघडून दाखवलं. त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने हसलेली आमची शेजारीण म्हणाली, "ले, आ तो आपडीज भूल!" (घ्या, ही तर आपलीच चूक!) मिशिगनचे एरिया कोड मला पाठ आहेत. मिशिगनमधलं माझंच गाव मला माहीत नव्हतं.

सरांचं ऐकून रावपुऱ्यातल्या स्टेशनरीवाल्याकडून भारताचे कोरे नकाशे आणले आणि लेकाला बसवलं. आठवीत आहे. गेम खेळून खेळून टेक्सास कुठे ते त्याला माहीत, पण आसाम त्याने ओडिशावर लिहिलं. मी ओरडणार तेवढ्यात तो म्हणाला, आई तू छत्तीसगढ आणि झारखंड लिही. मी उलटसुलट लिहिले. वाड्याचे मालक आठवले.

सर, स्वीडनचं मला उत्तर सुचलेलं नाही. विचार करतेय.

काल त्या मॅनेजरबाईंबरोबर परत कॉल होता. काम संपल्यावर मीच विषय काढला. म्हटलं, तुम्ही समजताय ते बरोडा मिशिगनचं, मी भारतातल्या बडोद्यातून बोलतेय, ज्याच्यावरून त्या गावाचं नाव पडलं. मिनिटभर काहीच आवाज नाही, मला वाटलं लाइन कटली. मग विचारते, "तिकडे आत्ता किती वाजले?"

"रात्रीचे साडेबारा."

"आणि तू जागी आहेस?"

"तुमच्या पेशंटच्या गुडघ्याचे पैसे अडकलेत ना."

हसली. मग म्हणाली, एवढ्या रात्री तुम्ही लोक खाता काय? त्या दिवशी ब्रेकला आम्ही सेव-उसळ मागवली होती, ते सांगितलं. तिने कागद-पेन घेतलं आणि स्पेलिंग विचारलं. अकरा वर्षांत मी त्यांच्या हजारो पेशंटांची आडनावं अशी लिहून घेतली असतील, माझ्याकडून कुणी काही लिहून घेतलं नव्हतं. मग काय, सवयीने सुरूच झाले. एस फॉर सॅम, ई फॉर एडवर्ड, व्ही फॉर व्हिक्टर.