बिनबियांची काकडी: जनुकांचे काम कोणते आणि संजीवकांचे कोणते?

प्रश्न (मोहोळ)
नमस्कार. माझ्या 10 गुंठ्यांच्या शेडनेटमध्ये बिनबियांच्या काकडीचे वाण आहे. वेलावर केवळ मादी फुले येतात, तरीही काकडी धरते. सोलापूरच्या बाजारात एका ग्राहकाने ‘ही इंजेक्शनची काकडी आहे’ असे म्हणून माल परत ठेवला आणि मला त्याला पटेल असे उत्तर देता आले नाही. परागीभवनाशिवाय फळ वाढते कसे? शिवाय जाळी फाटलेल्या कोपऱ्यातील काही काकड्यांचे टोक फुगून त्यांत बिया झाल्या. तेही फवारणीने रोखता येईल का? जिबरेलिन (झाडाच्या वाढीचे एक संजीवक) मारावे, असे एकाने सुचवले आहे.

उत्तर 1 (सोलापूर, वनस्पतिशास्त्राचा शिक्षक)
साध्या काकडीत फुलाखालची इवलीशी काकडी, म्हणजेच अंडाशय, फूल उमलताना वाढ थांबवून असते. पराग पोचून फलन झाले की ऑक्सिन हे संजीवक, म्हणजे झाडातच तयार होणारे व वाढीचे नियंत्रण करणारे रसायन, वाढते, त्याच्या जोडीला जिबरेलिन आणि सायटोकायनिन ही संजीवके येतात आणि पेशींचे विभाजन पुन्हा सुरू होते. फलन झालेच नाही, तर ती पिवळी पडून गळते. तुमच्या वाणातील अंडाशय मात्र फलनाची वाट न पाहता ही संजीवके स्वतःच वाढवतो, आणि ही क्षमता पैदाशीतून आलेली, अनेक जनुकांवर अवलंबून असलेली आहे. टोमॅटोमध्ये तर 2005 साली असे दिसले की आयएए9 या जनुकाचे काम मंदावले असता परागीभवनाशिवायच फळ धरते, कारण ते जनुक एरवी फळधारणेला लगाम घालून असते.

ग्राहकाची शंका अगदीच निराधार नाही, कारण सायटोकायनिनसारखे रसायन लावून साध्या काकडीतही बिनबियांचे फळ धरवता येते. तुमच्या वाणाला त्याची गरज नाही, एवढे त्यांना निःसंकोच सांगावे. केवळ मादी फुले येणे हा मात्र वेगळा गुण असून त्यामागे मुख्यतः इथिलीन हे वायुरूप संजीवक आहे.

उत्तर 2 (बार्शी, शेतकरी)
दादा, तुमच्या आसपास कोणाची उघड्यावरची काकडी आहे का? फाटक्या जाळीतून मधमाशी आत आली की तिच्या अंगावरचे पराग तुमच्या मादी फुलांना लागतात. माझ्याकडे हेच झाले होते आणि तो सगळा माल मला वेगळा काढावा लागला. कृपा करून माशीवर औषध मारू नका, आधी जाळी शिवून घ्या.

उत्तर 1 यांच्याकडून पुन्हा
बार्शीच्या मित्रांचे निदान योग्य आहे. परागकणातून निघणारी परागनलिका फुलाच्या टोकाकडून आत शिरते, म्हणून त्या बाजूच्या बीजांडांचे (ज्यांच्या पुढे बिया होतात त्यांचे) फलन आधी होते, तेथे संजीवके अधिक साठतात आणि टोक फुगते. जिबरेलिन तर मुळीच फवारू नका: केवळ मादी फुलांच्या वेलावरही त्याने नर फुले येतात, आणि बियाणे उत्पादक नेमक्या त्याच हेतूने ते किंवा चांदीचे क्षार वापरतात. ती नर फुले तुमच्या जाळीच्या आत उमलली, तर फाटका कोपरा शिवूनही पराग आतच राहील.