स्क्रेपरमधून कीस न निघता भुसाच पडतो

प्रश्न: शिसवी फळीचे तंतू उलटसुलट असल्यामुळे रंध्याने ते उपटले जातात, म्हणून ०.८ मिमी जाडीचा पोलादी स्क्रेपर (लाकूड खरवडून गुळगुळीत करायचे पातळ पाते) घेतला. परंतु कानस मारूनही त्यातून कीस न निघता भुसाच पडतो. माझे कुठे चुकते आहे?

उत्तर: नुसत्या कानशीने धार येत नाही. काठ काटकोनात घासल्यानंतर तो आणि त्यालगतच्या दोन्ही सपाट बाजू धार लावायच्या दगडावर आरशासारख्या गुळगुळीत कराव्यात. मग तेलाचे बोट लावून, स्क्रेपरपेक्षा कठीण अशी गुळगुळीत सळई काठावरून आधी आडवी आणि नंतर काटकोनापासून पाच ते दहा अंश कलती ठेवून दोन-तीनदा हलक्या हाताने ओढावी, म्हणजे बोटाच्या पेराला अडेल इतपत सूक्ष्म आकडी वळते. बहुतेक जण इथेच जोर लावतात आणि आकडी जास्त वळून लाकडाला भिडतच नाही.

प्रश्नकर्ता: सळई म्हणून जुन्या पेचकसाची दांडी चालेल का?

दुसरे उत्तर: बहुधा ती मऊ पडेल, पटाशीची गुळगुळीत पाठ त्याहून बरी. स्क्रेपर अंगठ्यांनी किंचित वाकवून पुढे कलता ढकला, मात्र पाते चांगलेच तापते, तेव्हा अंगठ्यांना पट्टी गुंडाळा.