आई अमेरिकेला चाललीय, इथले चार्जर तिथं चालतील का?

रंकाळा_कट्टा:
आई पुढच्या महिन्यात ताईकडं न्यू जर्सीला चाललीय, सहा महिने राहणार. तिथं लाइट १२० व्होल्ट आणि आपल्याकडं २३०, मग मोबाइल, टॅबचे चार्जर चालतात का? लक्ष्मीपुरीत एक दुकानदार व्होल्टेज बदलणारा कन्व्हर्टर घ्याच म्हणून मागं लागलाय, आणि आईचा हट्ट की तिचा ७५० वॅटचा मिक्सरपण न्यायचाच.

सोल्डरवाला:
कन्व्हर्टर-बिन्व्हर्टर काय नको भावा. चार्जर उलटा कर, पिनांजवळ राखाडी बारीक अक्षरं असतात, दिसत नसतील तर मोबाइलनं फोटो काढून मोठा कर. इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असलं की जपानच्या १०० पासून आपल्या २३० पर्यंत कुठंबी चालतोय, आतलं सर्किट स्वतःच सांभाळून घेतं, चार्जिंगबी हळू होत न्हाई. तिथं दोन चपट्या पट्ट्यांचं सॉकेट असतंय, त्याला प्लग अडॅप्टर लागतो एवढंच. पण तो नुसत्या पिना बदलतो, व्होल्टेज न्हाई, हे आईंना नीट सांग.
मिक्सर घरीच ठेव. १२० वर कण्हत फिरंल. ट्रान्सफॉर्मर घेतलास तर तो एवढा जड की बॅगेचं वजन त्यातच संपलं. तिथं ११० व्होल्टचे इंडियन मिक्सर मिळतात.

मंगळवार_पेठ:
आमचं उलटं झालं. भाच्यानं तिकडनं ट्रिमर आणला, चार्जरवर नुसतं १२० व्होल्ट. अर्धी दाढी झाली आणि चार्जिंग संपलं, म्हणून अडॅप्टर लावून घातला बोर्डात, फट्ट! घरभर जळका वास आणि मी तसाच अर्ध्या दाढीनं सलूनात. आणि किटली नेऊ नका, निम्म्या व्होल्टेजला ताकद निम्मी न्हाई, पाव होते. १००० वॅटची किटली तिथं २७० वॅटच्या आसपास ओढणार, पाणी उकळंस्तोवर आईंची मालिका संपंल.

वायरमन_लगा:
लॅपटॉप असला तर चार्जरची वीट, म्हंजे वायरीमधला तो जाड डबा, आपलीच ठेवायची, भिंतीकडची सुटी वायर तेवढी तिथनं घ्यायची. तीन पिनांवर दोन पिनांचा अडॅप्टर चढवला की अर्थिंग जातंय.

रंकाळा_कट्टा:
बघितलं, दोन्ही चार्जर १००-२४० आहेत. मिक्सरवर २३० लिहिलेलं आईला दाखवलं तर म्हणते, मग चटणी इथनंच डंकावर कुटून दोन किलो नेते. आता कस्टमला चटणी चालते का ह्याचा वेगळा धागा काढतो.