मदत हवी आहे: भजनात संविधान कसं बसवू?

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमच्या पेठेत दर सोमवारी भजन असतं. यंदा २६ नोव्हेंबरला तिथेच संविधान दिनावर बोलायचं माझ्या गळ्यात पडलंय. निम्मे टाळकरी, निम्मी कॉलेजची पोरं.

बाराव्या शतकातल्या बसवण्णांचा अनुभव मंटप (सगळ्या जातींचे लोक बसून चर्चा करायचे ती सभा), आपले सोलापूरचे संत सिद्धरामेश्वर, पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली केलेलं उपोषण, एवढं हाताशी आहे. बंधुता वगैरे तत्त्वं मी बुद्धाकडून घेतली, असं बाबासाहेबही म्हणाले होते.

अडलंय ते पुढे. २५ नोव्हेंबर १९४९ ला त्यांनीच संविधान सभेत बजावलं की धर्मातली भक्ती मुक्तीकडे नेईल, राजकारणातली मात्र अधोगतीकडे. पोरं हेच काढणार. शिवाय आमचे एक काका डोळे मिटून तल्लीन होतात आणि नळाला पाणी आलं की मोटर लावून शेजाऱ्याचंही ओढतात. (मीही लावलीय एकदा, खोटं कशाला बोलू.)

तर आतली साधना वागण्यात उतरेल, पण नेत्याचा देव होणार नाही, असं तासाभरात काय करून घेऊ? भाषण नको. दोन मिनिटं शांत बसून मग संविधानाची उद्देशिका वाचणं कुणी करून पाहिलंय का? आणि बसवण्णा-सिद्धरामेश्वरांची वचनं (त्यांच्या छोट्या कन्नड रचना) कन्नडमध्ये घ्यावीत की मराठीत? दोन्ही कळणारे आहेत, तेलुगू मंडळी तेवढी रुसतील.