कुलूपबंद जुना लॅपटॉप : आपले अनुभव लिहा

बाबा बरीच वर्षे आमच्या दादरच्या सोसायटीचे खजिनदार होते. त्यांच्या पश्चात त्यांचा २०११ सालचा लॅपटॉप कपाटातून काढून सुरू केला, तेव्हा विंडोज ७ ने पासवर्ड मागितला. चुकीचा पासवर्ड दिल्यावर खाली बाबांनीच लिहून ठेवलेली खूण उमटली : ‘नेहमीचा’. घरात कोणालाही तो नेहमीचा पासवर्ड माहीत नव्हता. जवळच्या दुकानदाराने तर लॅपटॉपचे झाकणही न उघडता ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे सांगून टाकले, म्हणून मी तो तसाच परत आणला.

शेवटी भाच्याने दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या प्रणालीचा) पेनड्राइव्ह तयार केला, लॅपटॉप चालू होत असतानाच एफ-१२ दाबून (ही कळ प्रत्येक कंपनीची वेगळी असते) त्यावरून सुरुवात केली आणि काहीही इन्स्टॉल न करता डिस्कवरचे सगळे फोल्डर समोर आले. विंडोजचा साधा पासवर्ड विंडोजच्या दारावर पहारा देतो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात बदललेली, नसेल तर आतला मजकूर दुसऱ्या वाटेने वाचता येतो, हे मला त्या दिवशी कळले. हिशेब आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले, पण पासवर्ड काही सापडलेला नाही. आपल्या स्वतःच्या किंवा घरातल्या लॅपटॉपबाबत असे काही घडले असेल तर सविस्तर लिहावे.

मुलुंडहून

आमच्याकडे ही युक्ती चालली नाही. मुलीच्या विंडोज १० च्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलल्यावर निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (डिस्क एन्क्रिप्ट करण्याच्या विंडोजच्या सोयीची) ४८ आकडी रिकव्हरी की मागितली गेली, आणि पेनड्राइव्हवरून पाहिले तरी एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर वाचण्याजोगे काहीच नव्हते. आम्ही बिटलॉकर कधी चालू केल्याचे आठवत नव्हते. मात्र काही लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की एन्क्रिप्शन आपोआप सुरू होते आणि रिकव्हरी की त्याच खात्यात साठवली जाते. मुलीने मोबाइलवरून खाते उघडले, तेथे दोन की निघाल्या, म्हणून पडद्यावरच्या की आयडीशी जुळणारी निवडली आणि तिने सहा-सहा आकडे वाचत मला सांगितले. एक आकडा चुकल्यामुळे तो गट पुन्हा टंकावा लागला, एवढेच.

गिरगावहून

आमचा किस्सा सांगायला लाज वाटते, पण कोणाचे तरी पैसे वाचतील. आईचा पासवर्ड ‘मुंबई’ या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग एवढाच होता (तेव्हा कोणी काही बोलले नाही) आणि एके सकाळी तो अचानक चालेनासा झाला. आईचे म्हणणे, ‘मी तोच टाकते आहे’. आमचे म्हणणे, ‘तू विसरलीस’. दोन दिवस हा वाद चालला. खरा प्रकार असा की त्या लहान लॅपटॉपला आकड्यांच्या वेगळ्या कळा नव्हत्या आणि नम लॉक चालू झाले की उजवीकडची काही अक्षरे आकडे होत : एमचा शून्य, यूचा चार, आयचा पाच. त्यामुळे आई शब्द बरोबर टंकत होती, पण ठिपक्यांच्या मागे शून्य, चार, शून्य, बी, ए, पाच असे जात होते. नाव लिहिण्याच्या चौकटीत तेच टंकून पाहिल्यावर चूक दिसली. आईची माफी मागावी लागली.

ग्रँट रोडहून

मी लॅमिंग्टन रोडवर दुरुस्तीचे काम करतो. पुष्कळ गिऱ्हाइके ‘सेल काढा, पासवर्ड जाईल’ असे सांगत येतात. जुन्या डेस्कटॉपमध्ये सीआर२०३२ हा गोल सेल काढल्यावर बायोसचा (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामचा) पासवर्ड बहुधा जातो, पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो वीज नसतानाही टिकणाऱ्या चिपमध्ये असतो, त्यामुळे सेल काढून फक्त घड्याळ बिघडते. हार्ड डिस्कलाच वेगळा पासवर्ड लावलेला असेल तर ती दुसऱ्या यंत्रात बसवूनही उघडत नाही. मी आधी लॅपटॉप खरेदीचे बिल मागतो. त्यावर रागावून जाणारेही भेटतात, आणि ते गेलेलेच बरे.

परळहून

एक सावधगिरीची गोष्ट. विंडोजमधल्याच सोयीने एन्क्रिप्ट केलेल्या फाइली असतील तर बाहेरून पासवर्ड पुसल्यावर त्या सहसा उघडत नाहीत. माझ्या अशा काही फाइली कायमच्या गेल्या. आधी प्रत घेतली असती तरी ती एन्क्रिप्टच राहिली असती, त्यामुळे पासवर्ड आठवण्याचाच प्रयत्न आणखी चिकाटीने करायला हवा होता.

पुन्हा दादरहून

परळचा अनुभव वाचून मी पासवर्ड पुसण्याचा विचार सोडला आणि आईला पुन्हा विचारले, पण या वेळी ‘बाबांचा पासवर्ड काय’ असे न विचारता ‘बाबा कुलपाला नेहमी कोणता नंबर लावायचे’ असे विचारले. तिने क्षणाचाही विचार न करता घरच्या फोनचा जुना नंबर सांगितला, पुढे दोनचा आकडा लागण्यापूर्वीचा, सात आकडी. गिरगावच्या अनुभवामुळे आधी नम लॉकचा दिवा पाहिला आणि मग तो नंबर टाकला. लॅपटॉप उघडला, पडद्याच्या मधोमध ‘मेन्टेनन्स थकबाकी’ नावाची फाइल होती, आणि तिच्यात पहिले नाव आमचेच होते.