महाधमनीचं माप दोन सोनोग्राफीत वेगळं आलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही चोपडा तालुक्यातले. वडिलांची (आप्पा, सत्तरी उलटलेली, आयुष्यभर बिडी) प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी केली, तर पोटातली महाधमनी फुगलेली निघाली, 4.1 सेंमी. महिन्याभराने जळगावला दुसऱ्या सेंटरवर केली, तिथे 4.5. घरातल्यांच्या तोंडचं पाणी पळालंय. आप्पा मात्र "माले काहीच दुखत नही" म्हणत केळीच्या बागेत जातात.

धमनी खरंच 4 मिमी वाढली, की तपासणारा बदलला म्हणून आकडा बदलला? दोन्ही फिल्म उजेडात धरून पाहिल्या. पहिलीत मापाच्या अधिकच्या (+) खुणा धमनीच्या भिंतीच्या आतल्या कडेला आहेत, दुसरीत बाहेरच्या. याने फरक पडतो का? सीटी लगेच करावा का? आप्पांचं क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) वाढलेलं असतं, म्हणून सीटीच्या औषधाने किडनीला त्रास होईल अशी भीती वाटते.

प्रतिसाद

भाऊ, खुणांचं बरोबर हेरलंत. आतून आत मोजलं की बाहेरून बाहेर मोजण्यापेक्षा माप काही मिलिमीटर कमीच येतं. शिवाय एकाच पद्धतीने मोजलं तरी दोन अनुभवी हातांत 5 मिमीपर्यंत फरक पडू शकतो. प्रोब (पोटावर फिरवतात ते यंत्र) जरा तिरका झाला की गोल धमनी लांबट दिसते, माप वाढतं. पोटात गॅस असला तर कडच धड सापडत नाही. एवढा फुगवटा सरासरी वर्षाला 2-3 मिमी वाढतो, त्यामुळे महिन्यात 4 मिमी हा मोजण्यातलाच फरक असावा असं मला वाटतं.

पुरुषांत ऑपरेशनचा विचार साधारण 5.5 सेंमीपासून होतो. सीटीचं व्हॅस्क्युलर सर्जनना (रक्तवाहिन्यांच्या सर्जनना) ठरवू द्या, क्रिएटिनिनचे रिपोर्ट आठवणीने दाखवा. इथून पुढे सोनोग्राफी एकाच ठिकाणी, जमल्यास एकाच डॉक्टरांकडून, उपाशीपोटी करा आणि कुठून कुठपर्यंत मोजलं ते रिपोर्टात लिहून मागा. जुन्या फिल्म दरवेळी सोबत न्या. बिडी मात्र आजच बंद, तिने फुगवटा लवकर वाढतो. पोटात किंवा कमरेत अचानक जोराची कळ आली, घेरी आली, तर रिपोर्टची वाट न बघता थेट मोठ्या हॉस्पिटलला न्या.

धागाकर्ता

ताई, खूप आभार. बिडीचं आईच बघेल, तिचं ते ऐकतात. जळगाव, धुळे किंवा नाशिकला व्हॅस्क्युलर सर्जनना कुणी दाखवलं असेल तर कृपया कळवा, आप्पांना लांबचा प्रवास झेपत नाही.