स्टीम कंट्रोलर का चालला नाही? दोष त्याचा की आपल्या हातांचा?

नौपाडेकर (धागाकर्ता)

2025 च्या नोव्हेंबरमध्ये व्हॉल्व्हने, म्हणजे पीसी गेम विकणारं ‘स्टीम’ दुकान चालवणाऱ्या कंपनीने, गेम खेळायचा नवा स्टीम कंट्रोलर जाहीर केला आणि जो तो जुन्याला ‘फसलेला प्रयोग’ म्हणू लागला. माझ्याकडे जुना आहे. 2017 साली आतेभावाने अमेरिकेहून येताना आणला. रोज वापरतो, म्हणून हे लिहितोय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये तो बाजारात आला, किंमत 50 डॉलर. अंगठ्याने ढकलायची स्टिक एकच, डावीकडे. उजव्या स्टिकच्या जागी लॅपटॉपवर असतो तसा, पण गोल ट्रॅकपॅड, डावीकडेही एक तसाच. अंगठा फिरवला की आतून बारीक टिकटिक जाणवते, जणू खाली खरंच एखादा गोळा फिरतोय. आत जायरो आहे, म्हणजे कंट्रोलर किंचित कलला की नेमही तेवढाच सरकतो. मागे बोटांखाली दोन बटणं.

माऊसवर खेळायचे गेम सोफ्यावर बसून खेळता यावेत, हा त्याचा हेतू. तो त्याने पूर्ण केला. ‘सिव्हिलायझेशन 5’ हा माऊसवरचा डावपेचांचा गेम मी टीव्हीसमोर मांडी घालून खेळतो. दोन स्टिकवाल्या कंट्रोलरवर तो खेळून दाखवा! माझं मत सरळ आहे: वस्तू चांगली होती, आपण तिला वेळ दिला नाही.

ऐरोली_सेक्टर८

नौपाडेकर, पूर्ण असहमत. 1997 साली सोनीचा ड्युअलशॉक हा प्लेस्टेशनचा कंट्रोलर आला, तेव्हापासून दोन अंगठे आणि दोन स्टिक हेच गणित आहे. माझ्यासारख्यांचा हात त्यावर लहानपणापासून बसलाय. उजवी स्टिक ढकलून धरली की नजर फिरत राहते, सोडली की मध्ये येऊन थांबते. ट्रॅकपॅडला मध्य असा जाणवतच नाही, अंगठा कुठे आहे ते कळत नाही. तुम्ही लोकांकडून वेळ मागताय, पण पैसे देऊन वस्तू घेणाऱ्याने आधी नापास होऊन का दाखवावं? हा दोष बनवणाऱ्याचाच.

गेमझोन_वाशी

माझं वाशीत छोटं गेमिंग कॅफे आहे, सात मशीन. एका गिऱ्हाइकाने हा कंट्रोलर काही महिने ठेवायला दिला होता. पोरं तासाचे पैसे भरून येतात. हौसेने उचलायची, पाच मिनिटं फिरवायची आणि ‘दादा, एक्सबॉक्सवाला द्या ना’. त्यांचं चुकत नव्हतं, मीटर चालू होता. एक्सबॉक्सचा कंट्रोलर विंडोजला लावला की बहुतेक गेम त्याला लगेच ओळखतात. स्टीम कंट्रोलरला मात्र प्रत्येक गेमसाठी प्रोफाइल, म्हणजे कुठलं बटण काय करेल याची मांडणी, निवडायची, मग संवेदनशीलता, मग जायरो कधी चालू व्हावा ते ठरवायचं. लोकांनी बनवलेल्या तयार प्रोफाइल मिळतात हे खरं, पण वीसातली चांगली कुठली हे शोधण्यात पोराचा अर्धा वेळ संपतो.

कळवा_खाडी

एक उदाहरण देतो, या धाग्यावर सगळ्यांना पटेल. मराठी टंकायला इनस्क्रिप्ट कळफलक आहे. सरकारमान्य, विंडोजमध्ये आधीपासून असलेला. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, अगदी शास्त्रशुद्ध. तरी इथे कितीजण तो वापरतात? आपण रोमन अक्षरांत ‘namaskar’ बडवून ‘नमस्कार’ उमटवणारं फोनेटिकच वापरतो, कारण इंग्रजी कळफलक बोटांना आधीच पाठ आहे. म्हणून इनस्क्रिप्ट वाईट ठरतो का? मी शिकलो. पंधरा दिवस जीव मेटाकुटीला आला, आता परत जाणार नाही. नौपाडेकरांचं दुखणं हेच आहे.

ऐरोली_सेक्टर८

उदाहरण आवडलं, पण ते माझ्या बाजूचं आहे. इनस्क्रिप्ट शिकलात कारण मराठी रोज लिहायची होती. गेम हा विरंगुळा. दिवसभर रबाळ्याला काम करून ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीतून घरी आल्यावर मला नवी विद्या शिकायची नसते.

शिळफाटा_कोडर

गेम बनवणाऱ्यांच्या बाजूने लिहितो, कारण हा मुद्दा कुणीच काढत नाही. कित्येक गेम गृहीत धरतात की खेळणारा एकतर माऊस-कीबोर्ड वापरतोय किंवा कंट्रोलर. स्टीम कंट्रोलरची खरी ताकद मिश्रणात होती: डावी स्टिक स्टिकसारखी, उजवा पॅड माऊससारखा. तसं लावलं की गेम गोंधळतो. पडद्यावर आत्ता कीबोर्डचं ‘ई दाबा’, पुढच्या क्षणी कंट्रोलरचं ‘एक्स दाबा’, सारखं लुकलुकत राहतं. काही गेम तर एक प्रकार चालू असताना दुसरा चक्क बंद करतात. मग हा गोंधळ टाळायला सगळी बटणं कीबोर्ड म्हणून लावायची, म्हणजे स्टिकचा हळू-जोरात हा फरक गेला. हे खेळणाऱ्याला कळत नाही, तो म्हणतो कंट्रोलर बेकार. थोडं जादा काम केलं तर गेममध्ये हे दुरुस्त होतं, पण इतक्या कमी लोकांसाठी ते कोण करणार? 2016 च्या जूनपर्यंत 5 लाखांहून अधिक विकले गेले होते. ऐकायला मोठा आकडा, पण पीसीवर खेळणाऱ्यांच्या संख्येपुढे फारच थोडा.

बेलापूर_किल्ला

मूळ कारण पेटंटचा खटला. मागच्या बटणांवरून व्हॉल्व्हवाले हरले, म्हणून कंट्रोलर बंद केला.

शिळफाटा_कोडर

क्रम उलटा झाला. उत्पादन 2019 च्या नोव्हेंबरमध्ये थांबलं, उरलेला माल 5 डॉलरला काढला. ज्युरीने 40 लाख डॉलर भरपाईचा निकाल दिला तो 2021 मध्ये. त्यापेक्षा 2015 च्या स्टीम मशीन्सकडे, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमिंग पीसींकडे बघा. हा कंट्रोलर त्यांच्यासोबत दिवाणखान्यात जाणार होता. त्या लिनक्सवर चालायच्या, गेम मोजके, खप झालाच नाही. वरात थांबली आणि नवरदेव एकटाच मांडवात उभा राहिला.

घोडबंदरवाली

सगळे हाताच्या सवयीबद्दल बोलताय, दुखणाऱ्या हाताबद्दल बोलते. दिवसभर माऊस वापरून माझं उजवं मनगट गेलं. स्टिक दाबून धरली की अंगठ्याच्या मुळापासून कळ येते. ट्रॅकपॅडला जोर लागत नाही, जायरोला तर बोटच लागत नाही, दोन्ही हात मांडीवर ठेवून खेळते. मागची बटणं असल्याने अंगठा उचलावा लागत नाही. माझ्यासाठी हा एकच कंट्रोलर आहे, आणि तो बंद झाल्यावर माझ्याकडचा बिघडला तर काय, ही धास्ती मी सहा वर्षं बाळगली. ‘चालला नाही’ म्हणताना माझ्यासारख्यांनाही मोजा.

ऐरोली_सेक्टर८

ताई, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तुमच्या बाबतीत माझा आक्षेप मागे घेतो. पण मूळ मुद्दा सोडत नाही. 2022 मध्ये व्हॉल्व्हचा स्टीम डेक आला, हातात धरून खेळायचा छोटा पीसी. त्यात ट्रॅकपॅड आहेत, जायरो आहे, मागे चार बटणं आहेत, आणि दोन स्टिकही आहेत. नव्या कंट्रोलरमध्येही तेच. म्हणजे काढून घेतलेली स्टिक बनवणाऱ्यांनीच परत दिली. जुनं हातात ठेवून शेजारी नवं दिलं असतं तर 2015 मध्येच लोक वळले असते.

नौपाडेकर

हे मान्य करावं लागेल. स्टिक शेजारी असती तर मीसुद्धा पहिले काही आठवडे तिच्याकडेच वळलो असतो, आणि कदाचित पॅड शिकलोच नसतो. तरीही जास्त लोकांपर्यंत तो पोचला असता. पण गेमझोनदादा, तुमच्या पोरांचं मला पटत नाही. त्यांना कोरा कंट्रोलर मिळाला. मी रविवारी माझा घेऊन वाशीला येतो. रॉकेट लीग आणि एक नेमबाजीचा गेम, दोन्हीच्या प्रोफाइल घरूनच लावून आणतो. नेमबाजीत जायरो फक्त पॅडला अंगठा टेकला की चालू होईल, बाकी काही छेडायचं नाही.

गेमझोन_वाशी

या. चार नंतर गर्दी असते, तेव्हाच या. तीन नंबरचं मशीन मोकळं ठेवतो, आणि त्या तासाचे पैसे पोरांकडून घेणार नाही. मीटर बंद असताना किती वेळ हातात धरतात ते मलाही बघायचंय.

घोडबंदरवाली

मीही येते. माझा सोबत आणते, म्हणजे दोघांना एकदम बसता येईल.